रात्री तीनला सुपाऱ्या खेळणाऱ्या मांजरीचं काय करावं?

ओटीवरची
मंडळी, मदत हवी आहे. आम्ही देवगड तालुक्यात, खाडीच्या काठी. कौलारू घर, वर फळ्यांचा माळा. मांजर एक, नाव मांदेली, वय दीड वर्ष. दिवसा तिच्याइतकं गुणी जनावर पंचक्रोशीत सापडणार नाही. रात्री तीन-साडेतीनला मात्र माळ्यावर चढते, वाळवून ठेवलेल्या सुपाऱ्यांतली एक पंजाने ओढून काढते आणि फळ्यांवर लोटत बसते. गडगडगड. मग शांत. आपण म्हणतो, झोपली बाई. परत गडगडगड. शेवटी ती सुपारी जिन्याची एकेक पायरी वाजवत खाली येते आणि मागोमाग ही. मग माजघर, स्वयंपाकघर, फडताळ, आणि फडताळावरून थेट मच्छरदाणीवर उडी. एक मच्छरदाणी गेली, दुसरीला ठिगळ आहे. एवढ्यानेही कोणी हललं नाही तर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून असा सूर लावते की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठतात.

सुपाऱ्या पोत्यात भरून तोंड बांधलं. आता पोतं ओरबाडते.

नवरा म्हणतो, रात्री बाहेर सोड. सासूबाई म्हणतात, एवढ्या पावसात कुठे सोडतेस मुक्या जनावराला. शेजारच्या काकूंनी माळ्यावर डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितल्यात. मला सकाळी सातची एसटी धरायची असते. काय करू?

नारळीपाक
सुपारी घेतलीय तिने. कोणाची ते शोधा.

मधली आळी
नारळीपाक, हहपुवा.

मालवणी मनीषा
अगो बाय, माजराक रातचा न्हिद म्हणून कोणी सांगला? तेची पाळीच रातची. आमच्या आवशीन माजर कधी घरात घेवक नाय, गोठ्यात रवायचा, उंदीर खायचा. तुमी तेका मच्छरदाणीत घेतास, लाड करतास, मगे रडतास.

आबा गुहागरकर
मनीषाताईंशी सहमत. आमच्या लहानपणी मांजराला दीड वर्ष आणि नाव असलं काही नव्हतं. 'मनी' नाहीतर 'बोका', विषय संपला. संध्याकाळी दिवेलागणीला ताटातला उरलासुरला भात आणि माशाचं डोकं पडवीत टाकायचं, कडी लावायची, सकाळी दार उघडलं की मांजर उंबऱ्यावर. यात झोपमोड कुठून येणार? नवऱ्याचं ऐका, बाहेर सोडा.

कातळशिल्प
आबा, तुमच्या उंबऱ्यावर सकाळी मांजर असायचं हे खरं, पण *तेच* मांजर असायचं का? आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत बिबट्या पार अंगणापर्यंत येतो. आधी वाडीतली कुत्री गेली, मग मांजरं. पावसाळ्यात फुरशी, मण्यार बाहेर पडतात ते वेगळंच. मण्यार तर रात्रीचाच हिंडणारा साप. आमच्या बोक्याने एकदा पहाटे फुरसं आणून माझ्या मोठ्या भावाच्या अंथरुणाशेजारी ठेवलं, अर्धं जिवंत. भाऊ आजही पलंगावरून उतरताना आधी बॅटरी मारतो. रात्री मांजर बाहेर सोडणं म्हणजे फक्त मांजराचा प्रश्न नाही, ते परत येताना काय घेऊन येतं हाही आहे.

आबा गुहागरकर
बिबट्याचं मान्य. गुहागरातही ऐकतो हल्ली.

गुरांचा डॉक्टर
जरा सविस्तर लिहितो. माझं काम मुख्यतः गाई-म्हशींचं, पण कोकणात पशुवैद्य म्हटला की कोंबडीपासून पोपटापर्यंत सगळं दारात येतं.

सगळ्यात आधी: डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. मांजराला त्या विषारी आहेत. अंगावर पडलेली पूड ते चाटून साफ करतं आणि विष पोटात जातं. तसंच रात्री गप्प बसावं म्हणून माणसाची कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल आपल्याला साधी वाटते, मांजराचा जीव घ्यायला अर्धी गोळीही पुरते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी जे थेंब मिळतात त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, तेही मांजराला घातक. हे लिहितोय कारण 'थोडंसं लावून बघितलं' म्हणत लोक येतात, आणि तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

आता मूळ प्रश्न. मांजर रात्रभर जागणारं जनावर आहे असं आपण समजतो, ते पुरतं खरं नाही. त्याची चलती तिन्हीसांजेला आणि पहाटे. उरलेल्या वेळात दिवसाचे १२ ते १६ तास झोप. म्हणजे तीन-साडेतीनला उठणं त्याच्या स्वभावातलंच आहे, फक्त त्या वेळी तुमच्या मच्छरदाणीवर उडी मारण्यातून काही मिळतं हे ते शिकलंय.

दोन-तीन गोष्टी आधी सांगा. ऑपरेशन झालंय का? झालं नसेल तर ती माजावर येत असेल. मांजरी पाच-सहा महिन्यांपासून माजावर येऊ लागतात, बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि आपल्याकडच्या हवामानात याला जवळजवळ वर्षभर खंड नसतो. त्या वेळचा आवाज रडण्यासारखा, लांबवलेला असतो, अंग जमिनीला घासत मागचा भाग वर करते. खाणं काय आहे? आणि हे नेमकं केव्हा सुरू झालं?

बोके पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: बोका रात्री ओरडत पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही होत नाहीये, असं दिसलं तर ते नाटक नाही. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट पाहत बसू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो.

ओटीवरची
डॉक्टर, मनापासून आभार. गोळ्या आणल्या होत्या, पिशवीसकट काकूंना परत केल्या. काकू रागावल्यात, ते बघू.

ऑपरेशन कोल्हापूरला नेऊन करून घेतलंय, गेल्या दिवाळीनंतर. इथे जवळपास कोणी करेना. वजन छान आहे, अंगावर चकाकी आहे. खाणं म्हणजे सकाळी मासे-भात, रात्री आठला तेच, मध्ये दुपारी थोडे विकतचे कोरडे दाणे. सुरू झालं मृगाच्या आसपास.

बंड्या बांगडेवाला
मृगाच्या आसपास!! ताई, उत्तर तुम्हीच दिलंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मे अखेरपर्यंत तिला ताजे पेडवे आणि मांदेली मिळत होती, आता काय मिळतंय? सुकट. हे आंदोलन आहे. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात पडला, बोटी गेल्या, की उपोषण मागे.

नारळीपाक
स्वतःच्या नावाचा मासा खाते? डॉक्टर, याला काही औषध?

ओटीवरची
बंड्या, हसू नका, अगदी असंच आहे. जूनपासून सुकट भिजवून भातात कालवून देतेय. तोंड फिरवते.

गुरांचा डॉक्टर
तोंड फिरवते ते बरंच करते. सुक्या मासळीत मीठ भरपूर, रोज देण्यासारखी नाही. ताजे मासेही कच्चे रोज नकोत. तारली, पेडवे या जातीच्या माशांत एक घटक असतो जो ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो, पुष्कळ दिवस नुसते कच्चे मासे खाल्ले तर मांजराच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. उकडले की तो घटक निकामी होतो. मीठ-हळद न घालता उकडा, काटे काढा. मासे नसतील तेव्हा उकडलेलं चिकन किंवा अंडं. कांदा-लसणाचं कालवण मात्र नको, आबांच्या काळातलं मांजर ते खाऊन जगलं असेल तरी.

आणि सुकट नाकारून ती रात्री आठला अर्धपोटी राहत असेल तर तीनला भूक लागणारच.

आबा गुहागरकर
आमच्या काळातलं मांजर काय काय खाऊन जगलं ते सांगितलं तर डॉक्टर इथून निघून जातील.

विंचूकाटा
एक अप्रिय मत. मांजर पाळूच नये. घरात ठेवलं तर माणसांना त्रास, बाहेर सोडलं तर पाखरांचा संहार. आमच्या परसात पूर्वी दयाळ आणि शिंजीर असायचे, शेजाऱ्यांनी चार मांजरं आणल्यापासून दिसत नाहीत. उंदरांसाठी पिंजरा मिळतो.

मधली आळी
विंचूकाटा, पाखरांचं म्हणणं पटतं, पण धागा 'मांजर आहे, काय करू' असा आहे, 'आणू का' असा नाही. आणि भातशेतीच्या गावात पावसाळ्यात पिंजऱ्याने उंदीर आवरले हे ऐकून आमच्या घरचे उंदीर हसतायत.

कातळशिल्प
उंदरांवरून आठवलं. ओटीवरची, माळ्यावर ती एकटीच असते याची खात्री आहे? पावसात शेतातले उंदीर घरात शिरतात, आणि कौलांवरून कांडेचोर, म्हणजे उदमांजर, फिरतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं रात्री माळ्यावर पावलं वाजायची. आजी सांगायची, देवचार आहे, घराची राखण करतो, त्याला बोलायचं नाही. आम्ही पोरं चादरी डोक्यावर घेऊन. पुढे कौलं परतताना गवंड्याला आढ्याशी कांडेचोराची पिल्लं सापडली. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की देवचार वेगळा, हा वेगळा, आणि दोघंही आहेत.

सांगायचं काय, तर वर काही हललं की मांजर उठणारच. माळ्याचं दार रात्री बंद करता येतं का बघा.

मालवणी मनीषा
देवचार आसाच. तेचो इषय हय नको.

केवडा
डॉक्टरांनी आजाराचा उल्लेख केला म्हणून लिहिते. मांदेली तरुण आहे, तिला हे लागू नाही, पण ज्यांची मांजरं म्हातारी आहेत त्यांनी वाचा. आमची ठकी १४ वर्षांची असताना रात्री घरभर फिरत हाका मारायची. आम्हाला वाटायचं, वय झालं, एकटं वाटत असेल. खाणं तर वाढलं होतं, पहिल्यापेक्षा दुप्पट, पण हात फिरवला की पाठीचे मणके बोटांना लागायचे. रक्त तपासल्यावर थायरॉइड निघालं. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत हाका थांबल्या. पुढे बरीच जगली. भरपूर खातंय तरी वाळतंय आणि रात्री ओरडतंय, असं म्हातारं मांजर असेल तर रक्त तपासून घ्याच. रक्तदाब वाढल्याने, ऐकू येईनासं झाल्यानेही ओरडतात.

आता ओटीवरच्या ताईंना एक प्रश्न. चारच्या सुमारास तुमच्या घरात कोण उठतं?

ओटीवरची
कोणी नाही. म्हणजे नवऱ्याचे आजोबा उठतात. वय ८६, त्यांना झोप कमीच. विहिरीवर जातात, स्नान, मग देवपूजा. पण ते तिच्या वाटेला जात नाहीत, उलट 'तुमचं ते मांजर' म्हणतात.

केवडा
नैवेद्याला काय असतं?

ओटीवरची
दूध-साखर.

...थांबा.

नारळीपाक
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.*

ओटीवरची
सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं?" आजोबा देवाला दूध दाखवून झालं की वाटीतलं अर्धं तिला देतात. कधीपासून? पावसाळ्यात पडवीतल्या पागोळ्यांचा आवाज होतो म्हणून त्यांनी झोपायची जागा ओटीवरून माजघरात हलवली तेव्हापासून. म्हणजे मृगापासून. शिवाय आजोबांना जाग चारला येते, पण हिने साडेतीनला हाक मारली तर साडेतीनला उठतात. "ती उठवते म्हणून वेळेवर पूजा होते" असं त्यांचं म्हणणं आहे.

बंड्या बांगडेवाला
माझं आंदोलन वाया गेलं. इथे तर थेट देवस्थानचं मानधन चालू आहे.

गुरांचा डॉक्टर
केवडाताई, तुम्ही माझ्या दवाखान्यात बसा.

हेच मुख्य कारण. उंदीर, पाऊस, सुकट यांनी भर घातली. पावसामुळे दिवसभर बाहेर हुंदडणं बंद, म्हणून दिवसा झोप जास्त. रात्री पोट रिकामं. आणि पहाटे ओरडलं की वाटी मिळते. दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात, ती एक अडचण वेगळी.

उपाय दोन टोकांनी. रात्रीचं जेवण आठऐवजी झोपण्यापूर्वी, साधारण साडेदहाला. त्याआधी पंधरा मिनिटं तिला पळवा. शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप, हा मांजराचा ठरलेला क्रम आहे, तोच आपण संध्याकाळी घडवून आणायचा. आणि तीनला ओरडली तर *कोणीही* उठायचं नाही. रागावायलासुद्धा नाही, कारण रागावणं म्हणजेही तिच्याकडे लक्ष देणं. आधी ओरडणं वाढेल, हे धरून चाला. नेहमीचा उपाय चालत नाही म्हटल्यावर ती जोर लावणार. तेव्हा कंटाळून उठलात तर ती शिकेल की आणखी जोराने ओरडायचं असतं.

आबा गुहागरकर
डॉक्टर, ८६ वर्षांच्या माणसाला 'उठू नका' कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा परवडली.

मधली आळी
आबांना +१. आणि का सांगायचं? त्या माणसाला पहाटे कोणीतरी हाक मारतं, सोबत बसतं. एवढंच सुख असेल त्यांना.

ओटीवरची
तेच मनात येतंय. नवरा म्हणाला सांगतो, गेला, आणि 'पेपर वाचतायत' म्हणून परत आला.

मालवणी मनीषा
बंद कशाक करतास? आजोबांकाच सांगा, पूजा झाली, आरती झाली, तुळशीक पाणी घातला, की मगे वाटी. घंटी वाजल्याबिगर काय गावाचा नाय. माजर तीनाक वराडला तरी देव काय तीनाक जेवणत नाय, ह्या आजोबांक पटतला.

केवडा
मनीषाताई, हे सगळ्यांत भारी. दुधाच्या जागी उकडलेल्या माशाचा किंवा चिकनचा तुकडा... पण पूजेनंतर आजोबा त्याला हात लावतील का?

ओटीवरची
नाव काढायची सोय नाही. कोरडे दाणे चालतील, ते कशाचे आहेत हे त्यांना माहीत नाही.

चाकरमानी डोंबिवली
वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. पळवायला खेळणं विकत घेऊ नका. काठीला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) बांधायचा, टोकाला कोंबडीचं पीस. आमची दोन्ही मांजरं धापा टाकेपर्यंत उड्या मारतात. गणपतीला गावी आलो की वहिनींच्या मांजराला हाच खेळ. घरात २५ माणसं, भजनं, झांजा, आणि मांजर दहाला गाढ.

गुरांचा डॉक्टर
काठी आणि पीस उत्तम, पण खेळ झाला की तंगूस उचलून कपाटात ठेवा. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, दोरा एकदा तोंडात गेला की तो गिळतच जातो. आतड्यात अडकलेला तंगूस आतडं कापतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. किनाऱ्यावरच्या मांजरांत गरी गिळल्याचे प्रकारही होतात. जाडसर सुती दोरी वापरलीत तर बरं.

विंचूकाटा
तंगूस दिसला की कासवांचंही आठवतं. पण विषयांतर नको. आजोबांचं काय झालं?

ओटीवरची
धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

आजोबांशी मी स्वतःच बोलले, मनीषाताईंच्या शब्दांत, फक्त मालवणी तेवढी नीट जमली नाही. ते म्हणाले, "देवाआधी कोण जेवतं? मी काय नास्तिक आहे?" आता घंटी वाजल्याशिवाय वाटी नाही. सुरुवातीच्या रात्री भयानक गेल्या, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पलीकडच्या वाडीतून निरोप आला की तुमच्याकडे कोणी आजारी आहे का. मग हळूहळू कमी झालं. रात्री साडेदहाला पोटभर देते, त्याआधी नवरा काठी घेऊन माजघरात नाचतो, ते बघायला मुलं जागी राहतात ही नवी कटकट. माळ्याच्या जिन्याला खालून फळी लावलीय.

पूर्ण थांबलंय असं नाही. मधूनच एखाद्या रात्री पावणेचारला सुरू होते. पण घंटी वाजेपर्यंत देवघरासमोर आजोबांच्या मांडीला टेकून बसते, मच्छरदाणीकडे येत नाही. माझी सातची एसटी चुकत नाही.

नारळीपाक
एक सुपारी तरी खाली ठेवा हो तिला. कलाकाराचं वाद्य काढून घेऊ नये.

मधली आळी
ताई, आमच्याकडे आजोबा नाहीत आणि आम्ही दोघंही उशिरा उठणारे. ठरल्या वेळी आपोआप खाणं पाडणारा डबा मिळतो म्हणे. कोणी वापरलाय? लाईट गेली की काय होतं? आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाईट असते तेव्हा बातमी होते.

चाकरमानी डोंबिवली
वापरलाय. विजेवर आणि सेलवर दोन्हीवर चालणारा घ्या, सेल आधीच घालून ठेवा. लाईट गेली तरी खाणं पडतं. मांजर पुढे आपल्याऐवजी त्या डब्यासमोर जाऊन ओरडतं, हा मोठा फायदा. डबा दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

केवडा
आणि कोकणात असाल तर डब्याखाली पाणी भरलेली परात ठेवा. नाहीतर पहाटे मांजराच्या आधी मुंग्या जेवून जातात. पावसात दाणे सादळतात, म्हणून एका वेळी दोन दिवसांपेक्षा जास्त भरू नका.